गॅलरीत किंवा कलाकेंद्रात बिझनेस नेटवर्किंगची संध्याकाळ घ्यायचीय? जागा बघण्यापासून नंतरच्या मेसेजपर्यंत सगळं

नेटवर्किंग इव्हेंट म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो आणि त्यात त्यांची काही चूक नाही. हॉलमध्ये शिरायचं, ओळखीचं कोणी दिसतंय का बघत राहायचं, दिसलं की त्याच्याशीच सगळा वेळ गप्पा मारायच्या आणि निघताना खिशात पाच-सहा कार्डं, त्यातलं कुठलं कोणाचं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. कोलंबिया बिझनेस स्कूलच्या पॉल इन्ग्रॅम आणि मायकेल मॉरिस या दोघांनी तर हे चक्क मोजलंय. २००७ साली त्यांचा अभ्यास छापून आला, त्यात बिझनेसवाल्यांच्या एका पार्टीत लोकांना इलेक्ट्रॉनिक टॅग लावले होते, कोण कोणाशी बोलतंय ते नोंदवायला. यायच्या आधी सगळे म्हणत होते की नवीन लोकांना भेटायचंय, प्रत्यक्षात वेळ गेला तो आधीपासून ओळखीच्या लोकांबरोबर. आणि त्या पार्टीत सगळ्यात चांगलं नेटवर्किंग कोणी केलं, तर बारटेंडरने!

मला वाटतं या बारटेंडरमध्येच सगळं आलं. त्याला काम होतं, त्यामुळे त्याच्याशी बोलायला कोणालाही निमित्त लागत नव्हतं. बाकीच्यांना ते निमित्त आपण द्यायचं, आयोजकाचं खरं काम हेच, बाकी खुर्च्या-माईक काय कोणीही लावेल. आणि गॅलरी, छोटं थिएटर, कलाकेंद्र अशा जागा यासाठी मस्त का, तर तिथे निमित्त भिंतीवर आधीच लटकलेलं असतं. दोन अनोळखी माणसं चित्रासमोर शेजारी-शेजारी उभी राहिली की गप्प राहिली तरी विचित्र वाटत नाही, आणि बोलली तर विषय समोरच आहे.

आधी ठरवा कोणासाठी

"सगळ्यांसाठी खुलं" असं लिहिलं की कोणालाच वाटत नाही की हे माझ्यासाठी आहे. एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, म्हणजे "या भागात स्वतःचा छोटा व्यवसाय चालवणारे आणि फ्रीलान्स काम करणारे लोक" वगैरे. पहिल्यांदा करत असाल तर ३०-४० लोक पुरे. हिशोब करून बघा, ४० लोकांत ७८० जोड्या होतात आणि दीड तासात एक माणूस नीट गप्पा मारून मारून नऊ-दहा जणांशी बोलतो. म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना भेटणं शक्यच नाही, मग १५० लोक बोलावून काय साधणार? योग्य नऊ-दहा भेटले की झालं.

आता योग्य कोण? इथे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचं १९७३ चं काम फार उपयोगी आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं त्या माणसाला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होतात. वारंवार म्हणणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के आणि क्वचितच म्हणणारे २७.८ टक्के. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही बहुतेक माहीत असतंच ना, नवीन बातमी येते ती लांबच्या ओळखीतून. म्हणून आमंत्रण देताना प्रत्येकाला सांगा की तुझ्या ओळखीतला पण आम्हा कोणाच्याच ओळखीत नसलेला एक जण घेऊन ये. ही एक ओळ मेसेजमध्ये टाकली की गर्दीचा रंगच बदलतो.

नाव नोंदवायच्या फॉर्ममध्ये फोन-ईमेल सोडून दोनच प्रश्न ठेवा: तुम्ही काय करता ते दहा शब्दांत, आणि सध्या तुम्हाला कोणाची किंवा कशाची गरज आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं. "मार्केटिंगमध्ये मदत" असं मोघम लिहिणारे असतीलच, त्यांना एक फोन करा आणि खोदून विचारा, मग खरं बाहेर येतं की "माझ्या वस्तूंचे फोटो काढणारा कोणीतरी पाहिजे, महिन्यातून एकदा". त्याच यादीत दोन ओळी खाली फोटोग्राफर असतोच असतो. शिवाय फॉर्मवरच टिकमार्क ठेवा की माझं नाव-नंबर आलेल्या बाकी लोकांना दिलेलं चालेल का, म्हणजे नंतर घोळ नाही.

जागा बघायला जाल तेव्हा

शक्यतो संध्याकाळीच जा, ज्या वेळेला इव्हेंट आहे त्याच वेळेला. दुपारी उजेडात सुंदर दिसणारी गॅलरी रात्री वेगळीच असते.

पहिलं काम, हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा आणि आवाज किती वेळ घुमतो ते ऐका. गॅलरी म्हणजे गुळगुळीत भिंती, कडक फरशी, उंच छत, आवाज शोषणारं काहीच नाही. गंमत म्हणजे सभागृहातल्या आवाजाचं शास्त्र सुरू झालं तेच एका आर्ट म्युझियममधून. हार्वर्डच्या फॉग आर्ट म्युझियमच्या लेक्चर हॉलमध्ये आवाज साडेपाच सेकंद घुमायचा, प्राध्यापकाचा एक शब्द विरेपर्यंत पुढचे बरेच शब्द बोलून व्हायचे. १८९५ च्या सुमारास वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं तर त्याने शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडायच्या, मोजायचं आणि सकाळच्या आत परत न्यायच्या असा उद्योग बरेच दिवस केला. त्यातून त्याला कळलं की एक माणूस साधारण सहा गाद्यांएवढा आवाज शोषतो. आपल्यासाठी याचा अर्थ असा की रिकामा हॉल जेवढा घुमतोय तेवढा भरल्यावर घुमणार नाही, पण रिकाम्यात टाळी दोन सेकंदांच्या वर रेंगाळत असेल तर जाड पडदे, गालिचा, कापडी पार्टिशन असलं काहीतरी मागा किंवा सरळ लोक कमी करा. कारण आजूबाजूला कलकल असली की माणूस नकळत आवाज चढवतो, शेजारचा त्याच्या वर चढवतो, आणि अर्ध्या तासात सगळे एकमेकांच्या कानात ओरडत असतात. एटिएन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच हे लिहून ठेवलंय, त्याच्या नावाने लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात. म्हणून गप्पा चालू असताना बॅकग्राउंड म्युझिक नको. अजिबात नको. लोक यायला लागतात ती पहिली पंधरा मिनिटं लावा, हॉल रिकामा-रिकामा वाटत नाही, मग बंद.

दुसरं, लाइट. कागदावरची कामं, जलरंग, जुने फोटो यांना उजेडाने इजा होते, त्यामुळे त्यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवायची पद्धत आहे, तैलरंगांना २०० पर्यंत चालतं. ५० लक्स म्हणजे अंधुकच. अशा खोलीत समोरच्याच्या बॅजवरचं नाव वाचता येत नाही. गॅलरीवाल्यांना चित्रांवरचे लाइट वाढवा म्हणून गळ घालू नका, ते ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यापेक्षा खोलीच्या मध्यभागी वेगळे दिवे लावता येतील का विचारा. ब्लॅक बॉक्स थिएटर (चारी बाजूंनी काळी, मोकळी खोली) असेल तर उलटं, काळ्या पडद्यांमुळे आवाज छान दबतो पण सगळ्यांचे चेहरे गुहेत बसल्यासारखे, तिथे स्टेज लाइट डोळ्यांत न जाता वरून पसरून मिळेल असं टेक्निशियनकडून आधी करून घ्या. खुर्च्या जमिनीला ठोकलेलं थिएटर असेल तर आत जाऊच नका, फॉयर (प्रेक्षागृहाबाहेरची मोकळी जागा) मागा.

व्यवस्थापकाला विचारायच्या गोष्टी लिहून न्या. त्या संध्याकाळी भिंतीवर नक्की काय असणार, खाणंपिणं कुठपर्यंत चालेल, फोटो काढलेले चालतात का, भिंतीला काही चिकटवायचं असेल तर काय (उत्तर नाहीच असणार), आत जास्तीत जास्त किती लोक चालतात, आपत्कालीन दार कुठलं आणि ते खरंच उघडतं का, व्हीलचेअर आत येते का, किती वाजता रिकामं करायचं आणि किल्ली कोणाकडे. कलाकृतींपासून ग्लास-प्लेट निदान एक मीटर लांब राहील असं टेबल लावा, शिल्पं मोकळी ठेवलेली असतील तर त्यांच्याभोवती दोरी, कारण गप्पांच्या नादात माणूस मागे सरकतो आणि त्याच्या पाठीवर बॅग असते.

ज्याची चित्रं भिंतीवर आहेत त्या कलाकाराला विसरू नका

हे वेगळं लिहितोय कारण नेहमी राहून जातं. ज्याची चित्रं लागलीत तो कलाकार हासुद्धा छोटा व्यावसायिकच आहे, त्याला सजावट समजू नका. त्याला बोलावा, दहा मिनिटं आपल्या दोन कामांबद्दल बोलायला सांगा, आणि त्याचे पैसे द्या. "तुम्हाला एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य तोंडातून काढू नका, बिझनेसच्या कार्यक्रमात तर मुळीच नाही. आणि त्याला विचारा की चित्र विकायचं सोडून आणखी कसली कामं घेता, कारण भिंतीवरचं म्युरल, पॅकेजिंगचं डिझाइन, स्टॉलची मांडणी, वर्कशॉप, हे सगळं तिथे उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी लागणार असतं आणि कोणाला विचारायचं ते माहीत नसतं.

आमंत्रण

ग्रुपवर फॉरवर्ड टाकून "नक्की या हं" म्हटलं की अंगठे भरपूर येतात, माणसं येत नाहीत. एकेकाला वेगळा मेसेज करा, साधारण असा:

"नमस्कार, गुरुवारी संध्याकाळी ६ ते ८ कलाकेंद्रात छोटे व्यावसायिक जमतोय, साधारण ३५ जण. भाषणं नाहीत. तुम्हाला डिलिव्हरीसाठी कोणीतरी हवंय असं मागे म्हणाला होतात, त्या लाइनमधले दोघं येतायत. येणार असाल तर हा फॉर्म भरा, जमणार नसेल तर तेही कळवा म्हणजे जागा दुसऱ्याला देता येईल."

संपायची वेळ लिहाच, ती वाचून येणारे लोक जास्त असतात. फुकट ठेवलं तर हो म्हणून न येणारे बरेच निघतात, म्हणून थोडं तरी शुल्क ठेवावं असं माझं मत, आणि ते नको असेल तर आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी अशी दोनदा आठवण. आठवणीच्या मेसेजमध्ये पार्किंग, दार कुठलं आणि कोणाला फोन करायचा एवढंच.

हॉलची मांडणी आणि बॅज

खुर्च्या काढा. बहुतेक सगळ्या. मधे पाच-सहा उंच टेबलं ठेवा, ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांच्यासाठी दहा-बारा खुर्च्या कडेला पण अगदी कोपऱ्यात नाही, दोन-दोन तीन-तीनच्या गटात, म्हणजे बसलेला माणूस एकटा पडत नाही. नाव नोंदणीचं टेबल दारातच ठेवलं की रांग बाहेर जाते, ते आत तीन-चार मीटरवर घ्या. खाण्याचं टेबल दारापासून सगळ्यात लांब, म्हणजे तिथे पोचायला प्रत्येकाला अख्खा हॉल पार करावा लागतो.

बॅजवर नाव मोठ्ठं, दोन मीटरवरून वाचता येईल असं, त्याखाली काम, आणि तिसरी ओळ "शोधतोय / शोधतेय" असं लिहून रिकामी जागा, ती त्यांनी स्वतः मार्करने भरायची. ही तिसरी ओळच बर्फ फोडते. "शोधतेय: गोदामाचा कोपरा" असं कोणाच्या छातीवर लिहिलेलं दिसलं की विचारल्याशिवाय राहवतं का? गळ्यातल्या दोरीचे बॅज हमखास उलटे फिरतात, कोरी बाजू समोर आणि नाव शर्टाकडे, म्हणून दोन्ही बाजूंना छापा किंवा सरळ चिकटवायचे घ्या. उजव्या बाजूला लावायला सांगा, हात मिळवताना नजर तिकडेच जाते.

यजमान लोक

आठ-दहा पाहुण्यांमागे एक यजमान पाहिजे, आणि त्यांनी आपापसात गप्पा मारायच्या नाहीत हा एकच कडक नियम. त्यांचं काम म्हणजे एकट्याला हेरणं (मोबाईलमध्ये डोकं घातलेला माणूस कामात नसतो, तो लपलेला असतो) आणि त्याला कोणाशी तरी जोडून देणं. जोडून देताना नुसती नावं सांगून पळू नका. "हे अमुक, हे तमुक, बोला तुम्ही" याने दोघंही ओशाळतात. असं म्हणा, "ताई, हे छापखाना चालवतात, आणि दादा, या ताईंना शंभरच्या आतले बॉक्स छापून पाहिजेत आणि सगळे म्हणतात हजार तरी घ्या." आता त्यांना बोलायला मुद्दा मिळाला, तुम्ही मिनिटभर थांबा आणि सटका. यादी आधी वाचलेली असेल तरच हे जमतं, म्हणून प्रत्येक यजमानाला आदल्या दिवशी पाच-पाच जोड्या वाटून द्या.

बारटेंडरची युक्ती इथेही चालते. जो लाजाळू आहे हे माहीत आहे त्याला एखादं काम द्या, बॅज वाटणं, पाणी देणं, बोर्डावर चिठ्ठ्या लावणं. अशी माणसं काम हातात आलं की खुलतात.

प्रत्यक्ष संध्याकाळ

वेळापत्रक साधारण असं:

६:०० दार उघडतं, हलकं म्युझिक, पोटात काहीतरी
६:२० स्वागत, तीन मिनिटं
६:२५ पहिल्या गप्पा
६:५५ कलाकाराबरोबर फेरी, दहा मिनिटं
७:०५ दुसऱ्या गप्पा, गरजांचा बोर्ड
७:५० शेवटची सूचना
८:०० समाप्त, ८:१५ ला दिवे बंद

स्वागतात फक्त टॉयलेट कुठे, आपत्कालीन दार कुठे, बोर्ड कसा वापरायचा आणि कलाकाराचं नाव. प्रमुख पाहुणे, प्रायोजकांचं मनोगत, व्हिडिओ यातलं काही घुसवायचा आग्रह होईल, गोड बोलून टाळा. आणि "प्रत्येकाने अर्ध्या मिनिटात ओळख करून द्या" ही माईक फिरवायची प्रथा तर बंदच झाली पाहिजे. ४० जणांची अर्धं-अर्धं मिनिट म्हणजे कागदावर २० मिनिटं होतात, प्रत्यक्षात पाऊण तास, कारण अर्ध्या मिनिटात कोणीच थांबत नाही, आणि आपला नंबर येईपर्यंत प्रत्येक जण मनात आपलंच वाक्य घोकत असतो, ऐकतं कोण?

त्याऐवजी गरजांचा बोर्ड. एक फिरतं पॅनेल, त्यावर दोन रंगांच्या चिठ्ठ्या, एका रंगावर "मला हवंय" आणि दुसऱ्यावर "मी देऊ शकतो", खाली नाव. लोक वाचत उभे राहतात आणि बोर्डासमोरच ओळखी होतात. "जागा हवी, आठवड्यातले दोन दिवस, ओव्हन असलेली" अशी नेमकी चिठ्ठी सगळ्यात आधी कामाला येते.

कलाकाराबरोबरची फेरी बरोबर मध्यावर ठेवली आहे ती मुद्दाम. त्या वेळेपर्यंत घोळके घट्ट झालेले असतात, सगळ्यांना चालायला लावलं की ते सुटतात आणि परत बोलायला लागतात तेव्हा शेजारी दुसरंच कोणीतरी असतं. लोकांना "आता ग्रुप बदला" असं सांगितलं की शाळेत गेल्यासारखं वाटतं, इथे कोणाला कळतही नाही. आणखी एक लक्षात असू द्या, एका गप्पेत चारच्या वर माणसं टिकत नाहीत. रॉबिन डनबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे निरीक्षण मांडलं होतं, पाचवा आला की थोड्या वेळात गप्पा दोन भागांत फुटतात किंवा एक जण नुसता मान डोलवत उभा राहतो. यजमानांनी सहा-सात जणांचं कोंडाळं दिसलं की त्यातल्या दोघांना "एक मिनिट या ना, कोणाची तरी ओळख करून द्यायची आहे" म्हणून बाहेर काढायचं.

पाहुणे म्हणून जाताय तर

थोडक्यात सांगतो. लवकर जा, पहिल्या दहा मिनिटांत हॉल मोकळा असतो आणि आलेले सगळेच एकटे असतात. "काय करता?" याच्या पुढे "सध्या कुठे घोडं अडलंय?" असं विचारा, लोक खरं बोलायला लागतात. आपलं काम सांगताना पदवी-पद सोडा, कोणाची कुठली अडचण सोडवता ते सांगा. विकायला जाऊ नका, पहिल्या भेटीत कोणी विकत घेत नसतं.

निघायचं कसं हा सगळ्यांचा अवघड प्रश्न. "बरं वाटलं बोलून, मी जरा आणखी दोघांना भेटून येतो, आपण बुधवारी फोनवर बोलू" हे पुरतं, पाणी आणायचं खोटं कारण नको. कार्ड घेतलं की लगेच मागे दोन शब्द लिहा, काय बोलणं झालं ते. स्वतःचं कार्ड छापताना मागची बाजू मॅट ठेवा, चकचकीत कागदावर पेन चालत नाही. फोनवर क्यूआर कोड दाखवायचा असेल तर लॉक स्क्रीनवर आधीच ठेवा, समोरच्याला उभं करून गॅलरीतले दोन हजार फोटो चाळत बसू नका.

नंतरचे दोन दिवस आणि पुढचे सहा आठवडे

रात्रीच बोर्डाचे फोटो काढून घ्या, चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या की संपलं. दुसऱ्या दिवशी ज्यांनी टिक केलंय त्यांचीच यादी, नाव-काम-गरज-नंबर, सगळ्यांना पाठवा. सगळ्यांना न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ढकलू नका, तीन दिवसांत तिथे सुप्रभात सुरू होतं आणि कामाचे लोक म्यूट करतात. त्यापेक्षा बोर्डावरच्या ज्या जोड्या जुळताना दिसतायत त्यांना तुम्ही स्वतः तिघांचा मेसेज करा, "काल तुम्ही दोघं भेटलात की नाही माहीत नाही, पण तुमच्या चिठ्ठ्या एकमेकांना उत्तर आहेत." दहा-बारा मेसेज होतात, तासाभराचं काम, आणि अख्ख्या कार्यक्रमातून खरं काही निघतं ते यातूनच.

किती लोक आले हा आकडा फोटोखाली लिहायला ठीक आहे. सहा आठवड्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवा: त्या दिवशी भेटलेल्या कोणाला परत भेटलात का, कशासाठी? ३५ मधल्या दहा जणांनी हो म्हटलं तरी मी खूश होईन, आणि जे नाही म्हणतात त्यांची "शोधतोय" ओळ परत वाचा, बहुतेक वेळा त्यांना हवा तो माणूस त्या दिवशी हॉलमध्ये नव्हताच, म्हणजे पुढच्या आमंत्रणांच्या यादीत पहिलं नाव कोणाचं ते कळलं.

पुढचं केव्हा करायचं? दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे प्रदर्शन बदललेलं असतं आणि तेच लोक आले तरी भिंत नवीन असते. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिसने रोटरी सुरू केलं तेव्हा सभा आळीपाळीने मेंबरांच्या ऑफिसात भरायच्या, नाव त्या आळीपाळीवरूनच (इंग्रजीत रोटेशन) पडलं. पण सुरुवातीला निदान तीन वेळा एकाच जागी घ्या असं मी म्हणेन, लोकांना दार, पार्किंग, टॉयलेट पाठ झालं की तेवढी धाकधूक कमी, आणि व्यवस्थापकही तुम्हाला ओळखायला लागतो. त्यामुळे हॉल होता तसा करून, टेबलं जागेवर लावून, काही खरचटलं असेल तर त्याच रात्री स्वतःहून सांगून किल्ली देताना पुढची तारीखही वहीत लिहून घ्या, कारण प्रदर्शनांचं कॅलेंडर महिनोन्महिने आधी भरतं.